आधी खोली दाखवा

मराठीत तरुणांच्या नात्यांवर एखादा संथ, कमी बोलणारा सिनेमा आला, की त्याच्या कौतुकाचे शब्द आधीच ठरलेले असतात. ‘संयत’, ‘हळुवार’, ‘तरल’, ‘आजच्या पिढीची अस्वस्थता अचूक टिपणारा’. नावं ठेवणाऱ्यांचे शब्दही ठरलेले असतात. ‘काही घडतच नाही’, ‘फार स्लो आहे’. या दोन गटांचं भांडण मी गेली दहा-बारा वर्षं ऐकते आहे. दोघांपैकी एकही गट एक साधा प्रश्न विचारत नाही. पडद्यावरची ही अस्वस्थ मुलं रात्री झोपतात कुठे?

प्रश्न बाळबोध वाटेल, पण विचारून तर बघा. पडद्यावर एक मुलगा असतो, एक मुलगी असते. वय सत्तावीस-अठ्ठावीस. नोकरी आहे, पण ती नक्की कसली ते कळत नाही. दोघं खिडकीपाशी बसतात, बाहेर पाऊस असतो, हातात कॉफीचे मग असतात. बोलता बोलता थांबतात आणि आपण समजून घ्यायचं, की आत खूप काही चाललं आहे. मग एकाला ‘स्पेस’ हवी होते. दुसरा म्हणतो, घे. दोघं वेगळे होतात. का, तर ही पिढीच अशी. ती खिडकी कोणाच्या घराची, भाडं कोण भरतं, शेजारच्या खोलीत आई आहे की नाही, हे सिनेमा सांगत नाही. ‘स्पेस’ हा शब्द सगळ्यांच्या तोंडी, आणि जागेचा पत्ता मात्र कुठेच नाही.

माझं म्हणणं असं आहे. आपल्या शहरांतल्या तरुणांच्या अस्वस्थतेचा मोठा भाग जागेच्या अभावातून येतो. प्रेम करायला, भांडायला, रडायला, नुसतं गप्प बसायला खोली नसते, त्यातून येतो. मुंबईतल्या सिनेमाला, मराठीला आणि हिंदीलाही, हे एकेकाळी पक्कं ठाऊक होतं. मधल्या काळात तो ते विसरला, आणि विसरल्यानंतर जे उरलं त्याला आपण ‘तरल’ म्हणू लागलो. खोलीचा प्रश्न टाळून जो सिनेमा शांत होतो त्याची शांतता उसनी असते. तिचं कौतुक आता थांबवायला हवं.

हे मी कोलशेतमधून लिहिते आहे. ठाण्याच्या उत्तरेला, खाडीच्या काठावरचं हे मूळचं आगरी-कोळ्यांचं गाव. रेतीबंदर, विसर्जन घाट, हवाई दलाचा तळ आणि रसायनांचे कारखाने ही त्याची जुनी ओळख. बायर गेली, क्लॅरिअंट गेली, आणि त्या जमिनींवर आता उंच मनोरे उभे आहेत. २०२४मध्ये साडेवीस एकरांचं सेंट्रल पार्कही उघडलं. तिकीट काढून आत जाता येतं. मनोऱ्यांच्या जाहिरातींत एक तरुण जोडपं हमखास असतं. दोघं बाल्कनीत उभे, मागे डोंगर नाहीतर खाडी, हातात तेच ते मग. आपल्या तरल सिनेमातली एखादी चौकट आणि घोडबंदर रोडवरच्या होर्डिंगवरचा फोटो शेजारी शेजारी ठेवले, तर कुठला कुठे ते मला कित्येकदा सांगता येणार नाही.

होर्डिंगच्या खालची घरं वेगळी आहेत. मी राहते त्या जुन्या चार मजली इमारतीत वन बीएचके म्हणजे चारशे चौरस फुटांच्या आतबाहेर. बेडरूममध्ये आई आणि मी, हॉलमध्ये बाबा आणि भाऊ. भाऊ एकोणतीस वर्षांचा आहे, बऱ्यापैकी कमावतो, आणि या घरात त्याच्या हक्काचं म्हणाल तर कपाटातला एक कप्पा आणि सोफ्याजवळचा चार्जिंगचा प्लग. त्याला फोनवर कोणाशी बोलायचं असलं की तो जिन्यात जातो. वरच्या मजल्यावरचा मुलगाही जिन्यात येतो. दोघं एकमेकांना ओळख न दाखवता वेगवेगळ्या मजल्यांमधल्या पायऱ्यांवर उभे राहून हळू आवाजात बोलतात. गच्चीला सोसायटीने कुलूप लावलं आहे. का, हे कोणी विचारत नाही. सगळ्यांना माहीत आहे.

त्या हळू आवाजाकडे जरा लक्ष द्या. आपल्या सिनेमातली मुलं हळू बोलतात, कारण ती संवेदनशील असतात. आमच्या जिन्यातली मुलं हळू बोलतात, कारण पहिल्या मजल्यावरच्या काकू जाग्या असतात. आवाज दोन्हीकडे सारखाच, पण त्यामागची कारणं इतकी वेगळी, की एकाचं चित्रण दुसऱ्याच्या नावावर खपवणं हा खोटेपणा ठरतो.

माझी एक मामेबहीण आहे, डोंबिवलीची. सहा वर्षं तिचं एका मुलाशी जमलेलं होतं. दोघांच्याही घरी माहीत होतं, कोणाचा विरोध नव्हता. भेटायच्या जागा म्हणजे ठाणे स्टेशनचा पूल, तलावपाळीचा कठडा, उपवन, मॉलमधलं फूड कोर्ट. दोघांनी मिळून इकडे घोडबंदरच्या बाजूला बांधकाम चालू असलेल्या इमारतीत एक फ्लॅट बुक केला आणि लग्न पझेशननंतर करायचं ठरवलं. पझेशनची तारीख एकदा पुढे गेली, मग आणखी एकदा गेली. हप्ते मात्र वेळच्या वेळी जात होते. तिसऱ्यांदा तारीख पुढे गेली त्यानंतर काही महिन्यांनी दोघं वेगळे झाले. नातेवाइकांनी निदान केलं, ‘आजकालच्या मुलांना टिकवता येत नाही.’ ती मला एवढंच म्हणाली, “सहा वर्षांत आम्ही एकदाही दार लावून भांडलो नाही गं. कायम चार लोक बघतायत म्हणून हसत हसत भांडलो.”

या मुलीवर उद्या सिनेमा निघाला तर काय होईल ते मला दिसतं. तिला करिअर आणि नातं यांच्यात ओढलं जाईल. त्याला वचनबद्धतेची भीती असेल. पाऊस असेल, खिडकी असेल, पियानो असेल. फ्लॅट मात्र तयार असेल, कारण शूटिंग फ्लॅटमध्येच करायचं असतं. म्हणजे जी गोष्ट मिळाली नाही म्हणून नातं मोडलं, नेमकी तीच सिनेमाने पहिल्या चौकटीतच देऊन टाकलेली असेल. मग नातं मोडायला काहीतरी दुसरं कारण शोधायला नको का? ते कारण म्हणजे ‘अस्वस्थ पिढी’.

जुना सिनेमा इतका भाबडा नव्हता. राजा ठाकूर यांचा ‘मुंबईचा जावई’ १९७०चा. त्यात चाळीतल्या भरल्या घरात नवीन लग्न झालेल्या जोडप्याला एकांत मिळत नाही, एवढीच गोष्ट आहे. तीवर अख्खा सिनेमा उभा राहिला आणि चालला. बासू चटर्जींनी १९७२मध्ये त्याचा हिंदीत ‘पिया का घर’ केला. दोन्ही हसवणारे सिनेमे, पण त्यातला विनोद जागेच्या टंचाईवर उभा आहे. माणसं वाईट नाहीत, सासू खाष्ट नाही, नवरा नालायक नाही. खोली लहान आहे, आणि लहान खोली चांगल्या माणसांनाही कशी अवघडून टाकते ते हे सिनेमे दाखवतात.

पाच वर्षांनी, १९७७मध्ये, भीमसेन यांचा ‘घरोंदा’ आला आणि हसू मावळलं. अमोल पालेकर आणि झरीना वहाब हे दोघं कारकुनी नोकरी करणारे. पै-पै साठवून फ्लॅटसाठी पैसे भरतात आणि बिल्डर सगळ्यांचे पैसे घेऊन पळतो. त्याआधी दोघं अर्धवट बांधलेल्या इमारतीत फिरत आपलं घर मनातल्या मनात मांडतात. पुढे हाच तरुण आपल्या प्रेयसीला सुचवतो, की श्रीमंत, आजारी साहेबाशी लग्न कर, तो काही फार दिवस जगणार नाही. साहेबाच्या भूमिकेत श्रीराम लागू. तरुण प्रेमिकाच्या तोंडी इतकं हिणकस वाक्य घालायला धाडस लागतं, आणि ते घालूनही प्रेक्षकाला त्याचा तिरस्कार वाटू द्यायचा नाही, याला त्याहून जास्त धाडस लागतं. तो तसा बोलतो कारण घर नाही. सिनेमा ते कारण लपवत नाही. नात्यातली कटुता स्वभावातून येते की चौरस फुटांच्या भावातून, याचा हिशेब ‘घरोंदा’ने चोख मांडला. पन्नासेक वर्षं होत आली. कोलशेतच्या अर्धवट मनोऱ्यांखालून जाताना मला तो सिनेमा जुना वाटत नाही.

मग मध्ये काय झालं? मल्टिप्लेक्स आलं, तिकीट महागलं, आणि सिनेमाचा नायक तिकीट परवडणाऱ्या माणसासारखा दिसू लागला. त्याला फ्लॅट मिळाला. फ्लॅटला भिंतीचा रंग मिळाला, रंगावर फोटोफ्रेमा मिळाल्या. नात्यांचे सिनेमे आधीपेक्षा नीटनेटके, चांगल्या संवादांचे, चांगल्या अभिनयाचे झाले, हे मी नाकारत नाही. पण त्यातल्या घरांना शेजारी नाहीत, पाण्याची वेळ नाही, दुसऱ्याच्या घोरण्याचा आवाज नाही. माणसं आतून कितीही तुटोत, बाहेरून त्यांच्यावर कोणीही आदळत नाही.

अपवाद आहेत आणि ते माझ्याच बाजूने बोलतात. सतीश राजवाडेंचा ‘मुंबई-पुणे-मुंबई’ २०१०चा. दोन अनोळखी माणसं दिवसभर पुण्यात फिरत बोलत राहतात. तो सिनेमा लोकांना इतका आपला का वाटला? मला वाटतं, त्यातली दोघं घराबाहेर आहेत म्हणून. रस्ता, टेकडी, बाकडं हीच इथल्या तरुणांची बोलायची खरी जागा, आणि सिनेमा तिथेच थांबला. २०१५मध्ये समीर विद्वांस यांनी ‘डबल सीट’मध्ये लालबागच्या चाळीतलं नवं जोडपं आणि त्याची स्वतःच्या घरासाठीची धडपड दाखवली. ‘मुंबईचा जावई’ची ती पणती म्हणावी. तिचंही लोकांनी प्रेमाने स्वागत केलं. प्रेक्षकाला खोलीची गोष्ट नको असते हे म्हणणं यावरूनच खोटं ठरतं.

२०१७च्या वरुण नार्वेकर यांच्या ‘मुरांबा’बद्दल मी थोडी वेगळी तक्रार करीन. मला तो सिनेमा आवडतो. मुलाचं ब्रेकअप होतं, तो ते आई-बाबांना सांगतो, आणि त्याचं मोडलेलं प्रेम बघता बघता घरातल्या तिघांचा विषय होतं. आई-बाबा समजूतदार, मित्रासारखे. आपण सगळे त्या ऊबेवर खूश झालो. पण त्या ऊबेची दुसरी बाजू सिनेमाने चाटूनही बघितली नाही. पंचविशी ओलांडलेल्या माणसाला आपलं दुःख घरच्यांना न सांगता बाळगायची मुभा नाही, कारण ते बाळगायला वेगळी जागा नाही. आई-बाबा समजूतदार असले तर मुरांबा होतो. नसले तर? आणि समजूतदार असूनही त्या रात्री त्याला ते नको असले तर? गोडव्याच्या आड हा प्रश्न विरघळून गेला.

इथे कोणी म्हणेल, जगभर असे सिनेमे होतात, त्यांना कोणी चौरस फूट विचारत नाही. विचारत नाहीत, कारण तिथे उत्तर दिसत असतं. रिचर्ड लिंकलेटरचा ‘बिफोर सनराइज’ १९९५चा, तरुणांच्या नात्यांवरच्या बोलक्या सिनेमांचा आद्य देव. त्यातली दोघं रात्रभर व्हिएन्नात का फिरतात? त्या मुलाकडे हॉटेलच्या खोलीचे पैसे नाहीत म्हणून. सगळा सिनेमा त्या न परवडलेल्या खोलीवर उभा आहे. आपल्याकडच्या अनुकरण करणाऱ्यांनी त्यातलं चालणं घेतलं, बोलणं घेतलं, आणि पैसे नाहीत हे तेवढं व्हिएन्नातच ठेवलं.

किंवा योआकिम त्रिएरचा २०२१चा ‘द वर्स्ट पर्सन इन द वर्ल्ड’ घ्या. ऑस्लोमधली युली तिशीच्या उंबरठ्यावर आहे. अभ्यासक्रम बदलते, काम बदलते, माणसं बदलते. एका जोडीदाराचं घर सोडून दुसऱ्याकडे राहायला जाते, शेवटी एकटी राहते. तिची अस्वस्थता मला खरी वाटते, कारण तिला सोडून जाता येतं. निघून जायला कुठेतरी जागा असते. अमेरिकेतल्या ‘मम्बलकोर’ नावाने ओळखल्या गेलेल्या छोट्या सिनेमांचंही तेच, अँड्र्यू बुजाल्स्कीच्या २००२च्या ‘फनी हा हा’पासून. पैसे कमी, नोकऱ्या फुटकळ, पण आई-बापांपासून वेगळं राहणं गृहीत. त्या शहरांतल्या तरुणांची अस्वस्थता ‘कोणती खोली निवडू’ अशी आहे. आमची ‘खोली केव्हा मिळेल’ अशी. पहिलीचा सूर दुसरीला लावला, की आमची मुलं उगाचच लहरी आणि आत्ममग्न दिसतात. आणि मग त्यांचे आई-बाप सिनेमा बघून बाहेर येताना म्हणतात, बघ, तुझं पण असंच आहे.

यावर एक आक्षेप हमखास येतो, की सिनेमा म्हणजे सामाजिक अहवाल नव्हे. बरोबर. मला अहवाल नकोच आहे. घरांच्या किमतींवर भाषण देणारं पात्र आलं तर मी उठून जाईन. मला एवढंच हवं, की दोन माणसं बोलत असताना तिसरं माणूस कुठे आहे ते दिग्दर्शकाला माहीत असावं. दुसरा आक्षेप जास्त वजनाचा आहे. माणसाचं आतलं जग चौरस फुटांत मावत नाही. मोठ्या बंगल्यातली माणसंही एकाकी असतात, नाती तिथेही मोडतात. अगदी खरं. पण मग सिनेमाने बंगल्यातल्या माणसांची गोष्ट बंगल्यातल्या माणसांची म्हणून सांगावी. तिला ‘आजची पिढी’ म्हणू नये. आणि खोली मिळाल्यावरही जे दुःख उरतं ते किती, हे कळायला आधी खोली नसलेल्यांचं दुःख वेगळं काढून दाखवावं लागतं. ते न करता सगळं एकाच ‘अस्वस्थता’ नावाच्या डब्यात भरलं, की कोणाचंच दुःख नीट दिसत नाही.

अलीकडे दोन सिनेमांनी हे काम केलं. पायल कपाडिया यांच्या ‘ऑल वी इमॅजिन ॲज लाइट’ला मे २०२४मध्ये कान महोत्सवात ग्रां प्री मिळालं. मुंबईत नर्सचं काम करणारी अनू आणि तिचा प्रियकर शियाझ यांना भेटायला जागा नाही. ती हिंदू, तो मुसलमान, म्हणजे टंचाई दुहेरी. त्याच्या घरी कोणी नसेल अशी संधी येते, त्याच्या वस्तीत जाता यावं म्हणून ती बुरखा विकत घेते, आणि ऐनवेळी बेत फसतो. दुसऱ्या बाजूला पार्वती आहे, छाया कदम यांनी केलेली. कागदपत्रं नाहीत म्हणून बिल्डरसमोर हरते आणि रत्नागिरीकडच्या गावी परत जाते. अनू आणि शियाझला एकमेकांची जवळीक मिळते ती तिथे, मुंबईपासून दूर. प्रेमाची गोष्ट आणि घर जाण्याची गोष्ट एकाच सिनेमात का आहेत, असं काहींनी विचारलं. कारण त्या एकच गोष्ट आहेत.

आणि मग रोहन परशुराम कानवडे यांचा ‘साबर बोंडं’. जानेवारी २०२५मध्ये सनडान्स महोत्सवात जागतिक विभागातलं ग्रँड ज्युरी पारितोषिक मिळालं आणि १९ सप्टेंबर २०२५ला तो आपल्याकडे प्रदर्शित झाला. मुंबईत राहणारा, तिशीतला आनंद वडील गेल्यावर दहा दिवसांच्या सुतकासाठी गावी जातो. नातेवाईक लग्नाचा विषय काढत राहतात. तिथे बाल्या हा जुना मित्र भेटतो, तोही लग्न टाळत असलेला. दोघांची जवळीक वाढते. पार्श्वसंगीत नाही. कॅमेरा बहुतेक वेळ स्थिर, आणि चौकट लांब वेळ टिकणारी. या शांततेत मला काय ऐकू आलं, तर घर. भरलेलं घर. पाहुणे, भांडी, कुजबुज, हे कर आणि ते करू नको. सुतकाचे नियम पाळणाऱ्या त्या गर्दीत आनंदला स्वतःचं दुःखसुद्धा एकट्याने करता येत नाही. दोन पुरुषांना एकमेकांजवळ बसायचं तर रानात जावं लागतं, जिथे छप्पर नाही म्हणून पहाराही नाही. आणि मुदत दहा दिवसांची. एका मृत्यूने मिळवून दिलेली सवड. तिच्या शेवटाला मुंबई आहे, जिथे माणसं जास्त आणि जागा कमी.

‘साबर बोंडं’ समलिंगी प्रेमाची गोष्ट आहे, म्हणून तिला एका वेगळ्या कप्प्यात ठेवून द्यायची घाई काही जणांनी केली. मला उलट वाटतं. ज्यांना लपावंच लागतं, त्यांना जागेची किंमत सगळ्यात जास्त कळते. सप्टेंबर २०१८मध्ये सर्वोच्च न्यायालयाने असं प्रेम गुन्हा नाही असं सांगितलं, ऑक्टोबर २०२३मध्ये विवाहाचा हक्क मात्र नाकारला. म्हणजे प्रेमाला परवानगी मिळाली, पण ज्या कागदावर दोघांनी मिळून भाड्याने घर मागताना सोसायटी निमूट होते, तो कागद मिळाला नाही. आनंद आणि बाल्याचा प्रश्न माझ्या मामेबहिणीच्या प्रश्नाहून खूप कठीण आहे, पण प्रश्न तोच आहे: दार कुठे लावायचं?

‘काही घडतच नाही’ म्हणणाऱ्यांना माझं उत्तर यातच आहे. चारशे चौरस फुटांत चार माणसं राहतात तिथे दार लावणं ही घटना असते. कडी घातली, की हॉलमधला टीव्ही क्षणभर हळू होतो. घरातली सगळी मंडळी एकदम उद्या पालीला जाणार आहेत, ही बातमी असते. ज्याला यात काही घडताना दिसत नाही, त्याला बहुधा स्वतःची खोली नेहमीच मिळत आलेली असते, किंवा मग ती कधीच मिळाली नाही म्हणून नसण्याची सवय झालेली असते.

गंमत म्हणजे आपल्या सिनेमाला जे दिसत नाही ते पोलिसांना आणि सोसायट्यांना लख्ख दिसतं. ६ ऑगस्ट २०१५ला मुंबई पोलिसांनी मढ आणि अक्सा भागातल्या हॉटेलांवर छापे घातले आणि सुमारे ४० जोडप्यांना बाहेर काढलं. सार्वजनिक ठिकाणी असभ्य वर्तनाचं कलम लावून दंड केला. हॉटेलची बंद खोली सार्वजनिक ठिकाण कधीपासून झाली, हे विचारलं गेलं, पुढे चौकशीही झाली. २०२१च्या पावसाळ्यात बोरिवलीतल्या एका सोसायटीने बाहेरच्या रस्त्यावर रंगाने मोठ्या अक्षरांत ‘नो किसिंग झोन’ लिहून घेतलं. भाड्याने खोली घ्या तर छापा, रस्त्यावर थांबा तर रंग, आणि घर घ्यायला जा तर तिशी उलटते. भाड्याने मागायला गेलात तर आधी आडनाव, मग खाणंपिणं, मग ‘मॅडम, एकट्याच राहणार का?’ या शहरांत तरुणांच्या जवळिकीविरुद्ध एक अख्खी व्यवस्था उभी आहे. वॉचमन, सेक्रेटरी, बीट चौकी, घरमालक, बँक. आणि आमचे पटकथाकार अजून नायकाला बालपणी कोणती जखम झाली ते शोधतायत.

हे सिनेमे आम्ही बघतो कुठे, तेही बघा. शांत सिनेमा चित्रपटगृहात एक आठवडा टिकला तर नशीब. मग तो मोबाइलवर येतो. घर झोपल्यावर, पांघरुणात, एका कानात इअरफोन. दुसरा कान उघडा, कोणी उठलं तर कळावं म्हणून. चुंबनाचं दृश्य आलं की अंगठा आपोआप स्क्रीनवर जातो. दिग्दर्शक म्हणतो माझी शांतता ऐका, आणि ऐकणाऱ्याकडे एकच कान शिल्लक असतो. ज्या प्रेक्षकाबद्दल सिनेमा काढायचा दावा करता, तो तुमचा सिनेमा असा बघतो. पटकथा लिहिताना एवढं जरी समोर ठेवलं तरी त्यातल्या अर्ध्या खिडक्या गळून पडतील.

म्हणून जे हे सिनेमे लिहितात, काढतात आणि त्यांची परीक्षणं करतात, त्यांच्याकडे माझी मागणी आहे. यापुढे तरुणांच्या अस्वस्थतेचा सिनेमा आला, की त्याला काही साधे प्रश्न विचारा. हे घर कोणाच्या नावावर आहे? रात्री कोण कुठे झोपतं? कपडे कुठे बदलतात? फोन कुठे जाऊन घेतात? भांडण झाल्यावर निघून गेलेला माणूस नक्की कुठे जातो, आणि किती वाजेपर्यंत बाहेर राहू शकतो? शेवटची लोकल चुकली तर काय? उत्तरं संवादात नकोत. ती सेटवर दिसू देत, माणसाच्या बसण्यात दिसू देत, अर्ध्यावर थांबलेल्या वाक्यात दिसू देत. या प्रश्नांना सामोरं जाऊनही जो सिनेमा शांत राहील, त्याच्या शांततेपुढे मी खुशाल मान झुकवीन.

कोलशेतला असा सिनेमा काढायला काही जमवाजमव करावी लागणार नाही. मेट्रोचे खांब आहेत, शेअर रिक्षाची रांग आहे, संध्याकाळी घाटावर अंतर राखून बसलेल्या जोड्या आहेत, समोर भिवंडीच्या बाजूची गोदामं आहेत, मागे रिकाम्या फ्लॅटांचे मनोरे आहेत. विकली गेलेली आणि अंधारात उभी असलेली ती घरं बघत हजारो तरुण रोज आपापल्या हॉलमधल्या दिवाणाकडे परततात. त्यांची अस्वस्थता कॉफीच्या मगात मावणारी नाही. ती दाखवायची असेल तर आधी खोली दाखवा. त्यांच्याकडे ती नसेल, तर नसलेली दाखवा, पण फुकटची देऊन टाकू नका. तिच्यासाठी त्यांना वीस वर्षांचा हप्ता भरायचा आहे.